हौशी माणसाचं बुद्धिबळ

अडीचघर

नमस्कार मंडळी,

पांढऱ्याला पहिली चाल करायला २० पर्याय असतात. १६ प्याद्यांचे, ४ घोड्यांचे. काळ्याचेही तेवढेच. म्हणजे दोघांची एकेक चाल झाली की पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती शक्य आहेत, आणि अजून कुणी कुणाला मारलेलंसुद्धा नाही! हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिला आणि त्या दिवसापासून बुद्धिबळाने मला जे धरलंय ते अजून सोडलेलं नाही.

हा खेळ मी मोठेपणी शिकले. स्पर्धा खेळत नाही. रात्री कामं आटोपली की एखादा डाव, सुट्टीच्या दिवशी जुना गाजलेला डाव पटावर मांडून चाल-चाल बघणं, एवढंच. पण एवढ्यातही किती आनंद आहे ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं, म्हणून हा धागा.

मला वाटतं, बुद्धिबळ शिकणं म्हणजे मुख्यतः बघायला शिकणं. सुरुवातीला पटावर ३२ मोहरी दिसतात आणि प्रत्येकाची चाल आठवावी लागते. मग हळूहळू मोहऱ्यांमधलं नातं दिसायला लागतं. या प्याद्याला कुणाचा जोर आहे? तो उंट बिनजोर तर नाही ना? हा घोडा हलला तर मागून कुणाची वाट मोकळी होते? एकदा जोर दिसायला लागला की पट तोच राहतो, पण त्यावर आधी न दिसलेल्या रेघा उमटतात. मला हा बदल झालेला अगदी लख्ख जाणवला होता आणि तो आनंद कुठल्याही विजयाइतकाच मोठा होता.

यावर एक सुंदर प्रयोगही झालेला आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन संशोधकांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली एखादी स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि मग आठवेल तशी दुसऱ्या पटावर मांडायला सांगायची. पट्टीच्या खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी बरोबर घरांत ठेवली. मग त्यांनी तीच मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली, आणि दोघांमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला! म्हणजे पट्टीच्या खेळाडूंची स्मरणशक्ती काही जगावेगळी नसते, त्यांना स्थितीतला अर्थ दिसतो. हे वाचून मला फार धीर आला. दैवी स्मरणशक्ती माझ्या हातात नाही, पण अर्थ बघायला तर कुठल्याही वयात शिकता येतं.

घोड्याबद्दल थोडं जास्त लिहिते, तो माझा लाडका आहे. त्याला ए १ च्या कोपऱ्यात ठेवा (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८). शेजारच्या बी १ वर जायला त्याला तीन चाली लागतात आणि तिरक्या शेजारच्या बी २ वर जायला चक्क चार. जवळचं त्याला लांब. मोकळ्या पटावर एकटा घोडा घेऊन ६४ घरं प्रत्येकी एकदाच फिरवून आणण्याचा खेळ जरूर करून बघा. लिओनार्ड ऑयलरसारख्या गणितज्ञाने १७५९ मध्ये त्यावर लिहिलं. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, रुद्रटाच्या 'काव्यालंकार' या संस्कृत ग्रंथात एक श्लोक आहे. त्याची ३२ अक्षरं अर्ध्या पटाच्या ३२ घरांत लिहायची. सरळ वाचलं तरी तोच श्लोक आणि घोड्याच्या चालीने वाचलं तरी तोच! कवीने घोडा किती प्रेमाने पाहिला असेल.

ओपनिंगबद्दल, म्हणजे डावाच्या सुरुवातीबद्दल, फार लिहीत नाही. मध्य धरा, मोहरी बाहेर काढा, कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) करून राजा सुरक्षित ठेवा, एवढ्यावर हौशी माणसाचं खूप दिवस भागतं. आणि या तिन्ही गोष्टी एकाच डावात पाहायच्या असतील तर पॉल मॉर्फी या अमेरिकन खेळाडूचा १८५८ चा पॅरिसमधला डाव मांडावा. ऑपेरा चालू असताना तिथल्याच एका खास कक्षात बसून, समोर सल्लामसलत करून खेळणारे दोन उमराव, असा तो डाव. १७ चालींत संपला. मॉर्फीने घोडा दिला, हत्ती दिला, मग उंट, आणि सोळाव्या चालीला वजीरही दिला. शेवटी त्याच्याकडे राजा आणि प्यादी सोडून एक हत्ती आणि एक उंट उरला होता, आणि मात करायला नेमके तेवढेच पुरेसे होते: हत्तीने मात, त्या हत्तीला उंटाचा जोर. काळ्याचा राजाकडचा उंट आणि हत्ती शेवटपर्यंत जागचे हललेच नव्हते. मोहरी बाहेर काढणं का महत्त्वाचं, हे मला कुठल्याही धड्यापेक्षा या एका डावाने शिकवलं.

पण खरी गोडी एंडगेमची, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याची! कापाब्लांकासारखा जगज्जेता अभ्यास शेवटापासून करा म्हणून सांगायचा. पट रिकामा झाला की प्रत्येक मोहऱ्याचं बळ उघडं दिसतं. इतका वेळ लपून बसलेला राजा बाहेर येऊन स्वतः लढायला लागतो, हे मला अजूनही रोमांचक वाटतं.

आणि हौशी माणसांसाठीच जणू घडलेली एक गोष्ट. फर्नांडो सावेद्रा नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू ग्लासगोत राहायचे. १८९५ साली तिथल्या एका साप्ताहिकाच्या बुद्धिबळ-सदरात एक स्थिती आली आणि ती बरोबरीची म्हणून दाखवली गेली. आज ती अशी मांडतात: पांढरा राजा बी ६, प्यादं सी ६, काळा राजा ए १, हत्ती डी ५. पांढऱ्याची चाल. सावेद्रांना त्यात पांढऱ्याचा विजय दिसला. प्यादं शेवटच्या घरात पोचल्यावर वजीर न घेता हत्ती घ्यायचा! बुद्धिबळाच्या इतिहासात सावेद्रांचं नाव या एकाच चालीसाठी आहे, आणि ती चाल जगभर अजूनही शिकवली जाते. खेळ हौशी माणसालाही आपलं सर्वांत सुंदर दार उघडून देतो, याचा याहून मोठा पुरावा मला नको.

तुम्ही कसं खेळता? काय बघायला शिकलात? सविस्तर लिहा.

तिरकाउंट

छान लिहिलं आहे ताई. जोर दिसायला लागण्याबद्दलचं अगदी पटलं. मला असाच आनंद पहिल्यांदा पिन समजली तेव्हा झाला होता. समोरचा घोडा दिसतो ताकदवान, पण मागे त्याचा राजा उभा असल्यामुळे त्याला हलताच येत नाही. असा घोडा एखाद्या प्याद्याला जोर देतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो जोर नसतोच.

एक गोष्ट विचारायची होती. आता फोनमधलं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅमसुद्धा जगज्जेत्याहून बलवान आहे. डीप ब्लू या संगणकाने १९९७ मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारॉव्हला सहा डावांत ३½–२½ ने हरवलं तेव्हा केवढी चर्चा झाली होती. मी डाव संपला की लगेच इंजिन लावतो आणि उत्तर मिळतं, पण डोक्यात काही राहत नाही. तुम्ही काय करता?

अडीचघर

@तिरकाउंट, मी आधी समोरच्याशी बोलते. "इथे तुम्हाला काय दिसत होतं?" हा प्रश्न विचारला की माणूस किती खुलतो! त्याने आखलेला बेत मला दिसलेलाच नसतो आणि मला वाटलेली भीती त्याच्या गावीही नसते. एकाच पटावर आम्ही दोन वेगळे डाव खेळत होतो हे तेव्हा कळतं. मग स्वतः चाली लिहून विचार करायचा आणि सगळ्यात शेवटी इंजिन. इंजिन चाल सांगतं, कारण आपल्याला शोधावं लागतं, आणि कारण शोधण्यातच तर मजा आहे.

प्यादंपुढे

लेख आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. हौशी म्हणजे जिंकण्याशी देणंघेणं नाही, असा सूर काही ठिकाणी लागलाय. मला जिंकायला आवडतं, मनापासून आवडतं, आणि त्याशिवाय माणूस नीट बघतही नाही असं माझं मत आहे. हरण्याचा धोका असला की मगच डोळे उघडे राहतात.

रेटिंगलाही, म्हणजे खेळाडूचं बळ सांगणाऱ्या गुणांनाही, लोक उगाच नावं ठेवतात. आर्पाद एलोंची ही पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिचं गणित फार देखणं आहे. दोघांमध्ये ४०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून १० डावांत साधारण ९ गुणांची अपेक्षा असते. फरक शून्य असेल तर निम्मे-निम्मे. हौशी खेळाडूला याचा मोठा फायदा म्हणजे आपल्या तोडीचा माणूस सापडतो. तोडीच्या माणसाशी खेळलेला डाव शेवटच्या चालीपर्यंत जिवंत राहतो.

अडीचघर

@प्यादंपुढे, हे मान्य! जिंकायचा प्रयत्न दोघांनीही जीव तोडून केला तरच डाव सुंदर होतो. माझं म्हणणं इतकंच की हरलेल्या डावातही आपण स्वतः शोधलेली एखादी चाल असते, आणि ती निकालामुळे वाया जात नाही. रेटिंगबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र मी असा कधी पाहिला नव्हता. तोडीचा माणूस सापडणं ही खरंच मोठी गोष्ट आहे.

नवाडाव

मी अगदी नवीन आहे, नुकतंच शिकायला घेतलंय. सावेद्रांची स्थिती मांडून बसलो आहे. पण वजीर हत्तीपेक्षा कितीतरी बलवान ना? मग हत्ती का घ्यायचा?

एंडगेमप्रेमी

@नवाडाव, अगदी योग्य प्रश्न विचारलात. पटावर मांडलंच आहे तर सोबत चाला.

प्यादे सी ७ वर जाते. काळा हत्ती डी ६ वरून शह देतो. राजा बी ५ वर. पुन्हा शह डी ५ वरून, राजा बी ४. शह डी ४ वरून, राजा बी ३. शह डी ३ वरून, राजा सी २. राजा एकेक पायरी खाली उतरतो, हत्ती त्याच्याबरोबर उतरतो. सी रांगेत राजा आधीच का जात नाही? कारण मग हत्ती डी १ वर जातो आणि तुम्ही वजीर केलात की सी १ वरून शह देऊन मागचा वजीर मारतो, हे तपासून पाहा.

आता काळा शह न देता हत्ती डी ४ वर नेतो. हा सापळा आहे. तुम्ही सी ८ वर वजीर घेतलात की हत्ती सी ४ वर येऊन शह देतो. वजिराने तो हत्ती मारावाच लागतो, आणि मारला की काळ्या राजाला शह नाही पण हलायला एकही घर नाही. ए २ वजिराने रोखलेले, बी १ आणि बी २ तुमच्या राजाने. कोंडी झाली, डाव बरोबरीत!

म्हणून सी ८ वर हत्ती घ्यायचा. हत्तीचा मारा तिरका नसतो, त्यामुळे सी ४ वरच्या बलिदानानंतर ए २ मोकळे राहते आणि कोंडी होत नाही. शिवाय आता धमकी आहे ए ८ वरून मात करण्याची. ती टाळायला काळ्याला हत्ती ए ४ वर आणावा लागतो. मग पांढरा राजा बी ३ वर! एकाच चालीत दोन धमक्या: ए ४ वरचा हत्ती मारणे आणि सी १ वरून मात. दोन्ही टाळता येत नाहीत.

नवाडाव

सर, दोनदा मांडून पाहिलं. शेवटची राजाची चाल काय भारी आहे! खूप आभार. एक शंका राहिली. कोंडीला बरोबरी का धरतात? ज्याचा राजा कोंडला गेला तो हरला असं का नाही?

एंडगेमप्रेमी

हा वाद फार जुना आहे. वेगवेगळ्या काळात कोंडीचा निकाल वेगवेगळा लावला गेला. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तर कोंडी करणाराच हरला असे मानत! आजचा नियम मला सर्वांत न्याय्य वाटतो. त्याच्यामुळे हरत आलेल्या माणसाकडे शेवटपर्यंत एक आशा राहते आणि जिंकत आलेल्याला शेवटपर्यंत जागे राहावे लागते. एंडगेममधले निम्मे सौंदर्य या एका नियमावर उभे आहे.

सोंगटी

मी लहान मुलांना शिकवते, तो अनुभव लिहिते. पहिल्याच दिवशी सगळी मोहरी मांडली की मुलं गोंधळतात. म्हणून आधी फक्त दोन्हीकडची आठ-आठ प्यादी. ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचलं तो जिंकला. एवढ्या खेळात चाल, तिरकं मारणं, वाट अडवणं आणि एकमेकांना जोर देणं सगळं येतं. मग राजा आणायचा. मग एकेक मोहरं. प्रत्येक नव्या मोहऱ्याचं जे स्वागत होतं ते बघण्यासारखं असतं.

प्याद्याचा वजीर होतो हे पहिल्यांदा कळतं तेव्हा मुलांचे चेहरे उजळतात. पुढचे कित्येक डाव मग कुणाला मात नकोच असते, सगळ्यांना वजीरच करायचे असतात! मी करू देते. त्या नादात प्यादं पुढे कसं न्यायचं हे ती आपोआप शिकतात.

मोठ्यांनाही मी हेच सुचवेन. शिवलेली सोंगटी चालवायची हा नियम मात्र घरच्या खेळातही पहिल्या दिवसापासून पाळा. आधी बघायचं, मग हात लावायचा. ही सवय नंतर लावायला जड जाते.

जुनापट

आमच्या पिढीतल्या अनेकांनी आधी देशी पद्धतीचा डाव शिकला. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचे. डाव संथपणे उलगडायचा, मारामारी उशिरा सुरू व्हायची. नंतर आंतरराष्ट्रीय नियम शिकताना सगळे एकदम वेगवान वाटले होते.

या संदर्भात मीर सुलतान खान यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. देशी नियमांवर वाढलेला हा माणूस १९२९ मध्ये इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्येही. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी प्रत्यक्ष कापाब्लांकाला हरवले. पुढे १९३३ नंतर मायदेशी परतले आणि मोठ्या स्पर्धांपासून दूर राहिले. फिडेने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले. फार उशीर झाला, पण झाले याचे समाधान आहे. त्यांचे डाव नक्की मांडून पाहा.

तिरकाउंट

@जुनापट काका, कापाब्लांकाविरुद्धचा डाव आज रात्रीच बघतो.

एंडगेमच्या मुद्द्यावर भर घालतो. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, गुकेश विरुद्ध डिंग लिरेन, जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा आणि शेवटचा डाव. कितीतरी जण बरोबरी धरून बसले होते. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्तींची मारामारी होईल अशी चाल केली. गुकेशने हत्ती मारला, लगेच उंट समोर आणून उंटांचीही मारामारी करायला लावली, आणि उरला तो राजा-प्याद्यांचा एंडगेम, गुकेशकडे एक प्यादं जास्त. ५८ चालींत डाव संपला आणि १८ वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. सगळी मोहरी गेल्यावर कोणतं प्यादं कुठे उरेल हे आधी बघता येणं, शेवटी त्यावरच जगज्जेतेपद ठरलं. सोंगटी ताईंच्या वर्गातली मुलं पहिल्या दिवशी जे शिकतात तेच!

सोंगटी

@तिरकाउंट, हे मी उद्या वर्गात सांगणार आहे. :)

प्यादंपुढे

एंडगेमचा विषय निघालाच आहे तर एक कोडं देतो. रिचर्ड रेटीचं, १९२१ सालचं. पटावर फक्त चार मोहरी. पांढरा राजा एच ८, प्यादं सी ६. काळा राजा ए ६, प्यादं एच ५. पांढऱ्याची चाल, आणि त्याला बरोबरी करायची आहे. बघता क्षणी अशक्य वाटतं: काळं प्यादं दोन चालींनी पुढे पळतंय आणि पांढरं प्यादं काळ्या राजाच्या तावडीत. @नवाडाव, इंजिन न लावता करून बघा.

नवाडाव

घेतलं! आधी राजा सरळ खाली काळ्या प्याद्यामागे पळवला, तर प्यादं हातात येत नाही. सी ७ आधी खेळलं तर काळा राजा बी ७ वर येऊन प्यादं धरतो. मग तिरकं जाऊन बघितलं. राजा जी ७, प्यादं एच ४. राजा एफ ६, आणि इथे मला एकदम दिसलं! राजा दोन्हीकडे एकाच वेळी चाललाय. काळ्याने प्यादं एच ३ वर ढकललं तर मी राजा ई ७ वर नेऊन माझ्या प्याद्याला जोर देतो आणि दोघांचेही वजीर होतात. त्याने राजा बी ६ वर आणला तर मी ई ५. आता त्याने माझं प्यादं मारलं तर मी एफ ४ वर, आणि त्याचं प्यादं सापडलं!

बरोबर आहे का?

प्यादंपुढे

शंभर टक्के बरोबर! फक्त एक फांदी राहिली. ई ५ नंतर काळ्याने तुमचं प्यादं न मारता एच ३ केलं तर?

नवाडाव

राजा डी ६. एच २, सी ७. त्याचा राजा बी ७, माझा डी ७. मग तो वजीर करेल, मीही करेन. बरोबरी!